झोनोफोन : एका धाकट्या नांवाची कथा



जुन्या घराच्या माळ्यावर ज्यांना कधीं काळीं फोनोच्या तबकड्यांचा गठ्ठा सांपडला असेल, त्यांनीं एक गोष्ट खचित पाहिली असेल. बहुतेक तबकड्यांच्या मध्यभागीं कर्ण्यापुढें कान टवकारून बसलेला कुत्रा असतो. पण मधूनच एखादी तबकडी अशी निघते कीं, तिच्यावर कुत्रा नाहीं. 'झोनोफोन' किंवा 'ट्विन' एवढेंच नांव ठळक अक्षरांत आहे. घरांतील वडील माणसें सांगत कीं, ही हलकी रेकॉर्ड, स्वस्तांतली. मग आपणही ती बाजूला ठेवून कुत्र्याच्या छापाची तबकडी उचलतों. हें बाजूला ठेवणें कितपत न्यायाचें आहे, याचा विचार करण्याकरितां आज मी या धाकट्या नांवाची हकीकत आपणांस सांगणार आहें. ती अमेरिकेंतील एका भांडणापासून सुरू होते आणि आपल्या वऱ्हाडापर्यंत येऊन पोहोंचते.

सपाट तबकडीवर आवाज कोरण्याची युक्ति एमिल बर्लिनर या गृहस्थाची. जन्म जर्मनींत हॅनोव्हर येथें, १८५१ सालीं. एकोणीस वर्षांचा असतां तो अमेरिकेंत गेला आणि १८८७ सालीं त्यानें ग्रामोफोनचें पेटंट घेतलें. एडिसनचा फोनोग्राफ मेणाच्या नळकांड्यावर चाले. नळकांड्याच्या हुबेहुब प्रती काढणें जिकिरीचें. तबकडीचा मात्र एकदां धातूचा ठसा तयार झाला म्हणजे छापखान्यांतील पानासारख्या हव्या तितक्या प्रती दाबून काढतां येतात. बर्लिनर बुद्धिमान होता, पण दुकानदारीचें अंग त्याच्यांत थोडें कमी असावें. त्यानें काम तिघांत वांटून दिलें. पेटंट त्याच्या स्वतःच्या कंपनीकडे राहिलें. यंत्रें बनविण्याचें काम कॅमडेन गांवच्या एल्ड्रिज जॉन्सन या कुशल कारागिराकडे गेलें. आणि अमेरिकाभर विक्री करण्याचा मक्ता फ्रँक सीमन या जाहिरातदारास मिळाला. हा मक्ता १८९६ चा, आणि तोही पंधरा वर्षांचा.

तिघांच्या भागीदारींत जें व्हावयाचें तें येथेंही झालें. सीमनचें म्हणणें असें कीं, यंत्रें मला जॉन्सनच्याच भावानें घ्यावीं लागतात, आणि जाहिरातींत मीं ओतलेल्या पैशाचें फळ मात्र दुसरे खातात. तक्रार अगदींच खोटी नव्हती. परंतु तिच्यावर त्यानें योजिलेला उपाय मोठा विलक्षण होता. १८९९ च्या सुमारास त्यानें युनिव्हर्सल टॉकिंग मशीन कंपनीच्या द्वारां ग्रामोफोनसारखेंच एक यंत्र बाजारांत आणलें, त्याचें नांव ठेवलें 'झोनोफोन', आणि ग्रामोफोन विकण्याचें सोडून तो तेंच विकूं लागला. पुढें १९०० सालीं प्रतिस्पर्धी कंपनीनें त्याच्यावर फिर्याद केली, तेव्हां आपण विकलेल्या यंत्रानें तिच्या पेटंटाचा भंग होतो असें त्यानें न्यायालयांत खुशाल कबूल केलें व तिच्याचकडून परवाना मिळविला! शिवाय आपल्या जुन्या करारावर बोट ठेवून त्यानें बर्लिनरविरुद्ध मनाईहुकूमही आणला. ज्यानें यंत्र शोधून काढलें, त्यालाच तें आपल्या देशांत विकण्याची बंदी झाली. बर्लिनरनें पुढें कॅनडांत मॉन्ट्रियल येथें आपलें बस्तान बसविलें. 'ग्रामोफोन' हा शब्द त्यानंतर अमेरिकेच्या बाजारांतून जवळजवळ नाहींसा झाला. तेथील लोक तबकडीच्या यंत्रालाही फोनोग्राफच म्हणत आले, त्याचें मूळ या खटल्यांत आहे.

जॉन्सन मात्र स्वस्थ बसणारा नव्हता. १९०१ सालीं त्यानें व्हिक्टर टॉकिंग मशीन कंपनी स्थापन केली. त्याच सालीं झोनोफोनवाल्यांनीं युरोपांतील व्यापाराकरितां बर्लिन येथें इंटरनॅशनल झोनोफोन कंपनी काढली व तिचा कारभार फ्रेडरिक प्रेस्कॉट या अमेरिकन व्यापाऱ्याकडे दिला. तिकडे लंडनमध्यें बर्लिनरच्या माणसांनीं १८९८ सालींच ग्रामोफोन कंपनी उभी केली होती. तिला या नव्या भाऊबंदाची धास्ती वाटूं लागली, कारण माल चांगला होता आणि किंमत कमी होती. इटलींतील सुप्रसिद्ध गायक कारुझो यानें १९०३ सालीं झोनोफोनकरितांही गाऊन दिलें, यावरून या धास्तीची कल्पना येईल. शेवटीं त्याच सालीं लंडनच्या कंपनीनें झोनोफोन विकत घेतला. अमेरिकेंतील भाग व्हिक्टरकडे गेला, जुन्या जगांतील भाग लंडनकडे राहिला. ज्या नांवाचा जन्म ग्रामोफोनशीं वैर करण्यासाठीं झाला, तें नांव ग्रामोफोनच्याच घरांत धाकटी पाती म्हणून नांदूं लागलें.

येथें एक शंका सहजच येते. शत्रूचें दुकान घेतलें, तर त्याची पाटी उतरवून टाकावी. ती तशीच कां ठेवावी? व्यापारी लोक भावनेनें चालत नाहींत, हें याचें उत्तर. वडील नांवाची प्रतिष्ठा राखावयाची तर त्याची किंमत उतरवतां येत नाहीं. कारुझोची तबकडी आज महाग व उद्यां स्वस्त झाली कीं, काल घेणारा गिऱ्हाईक रागावतो आणि उद्यांचा गिऱ्हाईक आणखी थांबतो. पण बाजारांत कमी पैशांचा गिऱ्हाईक संख्येनें अधिक. त्याला सोडलें तर तो दुसऱ्या कंपनीकडे जाणार. तेव्हां त्याच्याकरितां दुसरें नांव, दुसरें लेबल, दुसरी किंमत. नफा मात्र एकाच पेटींत. व्हिक्टरनें अमेरिकेंत १९१२ पर्यंत झोनोफोन हें नांव असेंच चालविलें. इंग्लंडांत तें याहून पुष्कळ अधिक टिकलें. तेथें १९०८ सालीं ग्रामोफोन कंपनीनें दोन्ही बाजूंनीं गाणें असलेल्या स्वस्त तबकड्या 'ट्विन', म्हणजे जुळी, या नांवानें काढल्या आणि १९११ सालीं ट्विन व झोनोफोन हीं दोन्ही नांवें एकत्र केलीं. वडील घराण्याच्या नामांकित गायकांच्या तबकड्या मात्र १९२३ पर्यंत एकाच बाजूस कोरलेल्या असत. दुसरी बाजू कोरी! श्रीमंती दाखविण्याची ही एक तऱ्हाच म्हणावयाची.

या दोन किंमतींच्या व्यवहारांत गमतीही झाल्या. पीटर डॉसन नांवाचा एक ऑस्ट्रेलियन गायक त्या काळीं इंग्लंडांत फार लोकप्रिय होता. गंभीर गाणीं तो आपल्या नांवानें गाई. तोच स्कॉटलंडचीं विनोदी गाणीं 'हेक्टर ग्रँट' या नांवानें आणि तमासगिरी ढंगाचीं गाणीं 'विल स्ट्राँग' या नांवानें गाई. गळा एक, नांवें अनेक. स्वस्त तबकडी घेणाऱ्यास आपण कोणाला ऐकत आहों याचा पत्ताही नसे. हलकी रेकॉर्ड म्हणजे हलका गायक, हें समीकरण किती फसवें आहे, याला हें एक उदाहरण पुरे.

आतां हिंदुस्थानाकडे वळूं. दोन कंपन्यांनीं जग वांटून घेतलें तेव्हां हिंदुस्थान लंडनच्या वांट्यास आला. म्हणून आपल्याकडे झोनोफोन पोहोंचला तो अमेरिकेंतून न येतां विलायतेच्या मार्गानें. आपल्या लोकांचे आवाज तबकडीवर प्रथम कोरले गेले तेही लंडनमध्येंच, १८९९ सालीं. त्यानंतर १९०२ च्या हिवाळ्याच्या तोंडास फ्रेड गैसबर्ग हा कंपनीचा तज्ज्ञ कलकत्त्यास उतरला. हाही अमेरिकनच, बर्लिनरच्या हाताखालीं तयार झालेला. त्यानें नोव्हेंबरमध्यें गौहरजानचें गाणें मेणावर उतरविलें. विजेचें यंत्र नव्हतें. एका मोठ्या कर्ण्यांत तोंड घालून मोठ्यानें गावयाचें, आणि त्या आवाजाच्या जोरानेंच सुई हालावयाची. तें मेण पेट्यांत बंद करून आगबोटीनें जर्मनींत हॅनोव्हरला जाई, तेथें ठसे होत, तबकड्या दाबल्या जात आणि पुन्हां आगबोटीनें इकडे येत. गाणें संपतां संपतां गौहरजान इंग्रजींत स्वतःचें नांव सांगते, हें ज्यांनीं तिच्या तबकड्या ऐकल्या आहेत त्यांना ठाऊकच आहे. तिला कोणी ठसका म्हणतात, कोणी अभिमान म्हणतात. खरें कारण अगदीं कारखानदारी आहे. हॅनोव्हरच्या कामगाराला हिंदी गाणें ओळखतां येणार कसें? शेवटीं नांव ऐकूं आलें म्हणजे कोणतें लेबल चिकटवावयाचें तें त्याला कळे.

कारखान्याचा विषय निघाला म्हणून त्या तबकडीच्या अंगाविषयीं दोन शब्द सांगतों. ती दगडासारखी दिसते, पण तिचा जीव लाखेंत आहे. पळस, कुसुम, बोर या झाडांवर जो लाखेचा किडा वाढतो, त्याच्या लाखेपासून चपडा होतो. छोटा नागपूर आणि मध्यप्रांत हीं त्याचीं मोठीं ठिकाणें, आणि जगाला लागणाऱ्या चपड्याचा फार मोठा भाग त्या काळीं कलकत्त्याच्या बंदरांतून जाई. या चपड्यांत दगडाची पूड व काजळी मिसळीत, आणि तबकडी ठिसूळ होऊं नये म्हणून कापसाचा बारीक भुकाही घालीत. तो कापूस वऱ्हाडचाच असे, असें माझें म्हणणें नाहीं. पण पळसाची लाख आणि शेतांतला कापूस मिळून जी वस्तू बनते, तिला सर्वस्वीं परदेशी म्हणतांना माझी जीभ थोडी अडखळते. १९०८ सालीं कंपनीनें कलकत्त्यास सियालदा येथें स्वतःचा कारखाना काढला आणि लाखेची ही जर्मनीची वारी चुकली. १९२८ सालीं त्याहून मोठा कारखाना डमडम येथें झाला.

या पहिल्या काळांतच हिंदुस्थानी गाणीं झोनोफोनच्या लेबलाखालींही निघूं लागलीं होतीं. पुढें 'ट्विन' हें नांव येथें स्वतंत्रपणें चाललें व विशेषतः १९३० नंतरच्या दशकांत तें फार पसरलें. बंगालमध्यें काझी नझरुल इस्लाम हे ग्रामोफोन कंपनीशीं निगडित होते. त्यांचीं कित्येक गीतें मोठ्या लेबलावर आलीं, तशींच ट्विनवरही आलीं. थोर कवीचीं गीतें दोन लेबलांवर विभागलीं गेलीं, त्यांत गुणाचा प्रश्न नव्हता. प्रश्न होता तो गिऱ्हाइकाच्या खिशाचा.

आणि येथेंच मला या धाकट्या नांवाचें खरें कार्य दिसतें. वडील नांवाला आपल्या दर्जाची काळजी असते. बैठकींत कोणाला बसवावें आणि कोणाला ओसरीवर थांबवावें, याचा तें विचार करतें. धाकट्याला ही काळजी नाहीं. त्याला माल खपवावयाचा असतो. त्यामुळें ज्यांना मोठ्या घरांत प्रवेश नव्हता, अशा पुष्कळांचे आवाज स्वस्त लेबलांनीं टिपले. पश्चिम आफ्रिकेंतील गोल्ड कोस्ट, म्हणजे आतांचें घाना, येथील कुमासी ट्रायो नांवाचे तीन वादक १९२८ सालीं लंडनला आले आणि त्यांचें वादन झोनोफोननें कोरून घेतलें. त्या देशाच्या आधुनिक संगीताचा इतिहास लिहिणारे आज त्याच तबकड्यांकडे धांव घेतात. पुढें झोनोफोनची जोड 'रीगल' या दुसऱ्या स्वस्त नांवाशीं लावण्यांत आली; त्या जोडनांवाखालीं ऑस्ट्रेलियांत टेक्स मॉर्टन यानें १९३६ पासून गुराख्यांचीं गाणीं गायिलीं, आणि त्या देशाच्या ग्रामीण गाण्याची परंपरा तेथून मोजली जाते. खुद्द अमेरिकेंत मॅमी स्मिथ या निग्रो गायिकेची १९२० सालची तबकडी 'ओके' या लहान कंपनीनें काढली. ती हातोहात खपली, तेव्हां कोठें मोठ्या कंपन्यांना जाग आली कीं, काळ्या लोकांच्या खिशांतही पैसे असतात आणि त्यांनाही आपलें गाणें ऐकावयाचें असतें. पुढें १९२६ सालीं कोलंबियानें ओकेच विकत घेतली. म्हणजे पुन्हां तीच रीत.

पण याला परोपकार समजूं नये. गायकांना पुष्कळदां ठोक बिदागी देत. पुढें तबकडी कितीही खपो, त्यांचा संबंध उरत नसे. कवीचें किंवा चाल बांधणाराचें नांव लेबलावर असेलच असा नेम नव्हता. स्वस्ताईचा भार कोठें तरी पडावयाचाच. तो बहुधा याच मंडळींवर पडला.

इकडे मालकीचे धागे एकमेकांत कसे गुंतत गेले, तेंही पाहण्यासारखें आहे. झोनोफोन विकला गेला तेव्हां तो प्रेस्कॉट कांहीं घरीं बसला नाहीं. त्यानें १९०३ सालींच बर्लिनमध्यें नवी कंपनी उभी केली. तिचें लेबल 'ओडियन', आणि दोन्ही बाजूंनीं कोरलेली तबकडी प्रथम मोठ्या प्रमाणावर विकण्याचा मान तिचा, साल १९०४. महाराष्ट्रांतील रसिकांना ओडियन हें नांव निराळ्याच कारणानें प्रिय आहे. खांसाहेब अब्दुल करीम खां यांच्या अखेरच्या वर्षांतील, म्हणजे १९३४ ते १९३६ मधील ज्या तबकड्यांवर आपण जीव टाकतों, त्या ओडियनच्याच. पण ओडियन हें तोंवर ग्रामोफोन कंपनीचें प्रतिस्पर्धी राहिलें नव्हतें. तें एका जर्मन कंपनीकडून कोलंबियाकडे गेलें होतें, आणि १९३१ सालीं कोलंबिया व ग्रामोफोन कंपनी यांचें लग्न लागून 'ईएमआय' हें एकत्र कुटुंब झालें. कोलंबियाची गोष्ट तर याहून मौजेची. तिची इंग्लंडांतील शाखा आधीं मूळ अमेरिकन कंपनीपासून सुटली, आणि मग १९२५ सालीं तिनें त्या मूळ कंपनीलाच विकत घेतलें. मुलीनें आईला दत्तक घ्यावें, तशांतलाच हा प्रकार.

तात्पर्य, १९३१ नंतर अकोल्याच्या किंवा अमरावतीच्या दुकानांत उभा राहून एखादा चोखंदळ गिऱ्हाईक हिज मास्टर्स व्हॉइस कीं कोलंबिया, ओडियन कीं ट्विन, असा खल करीत असेल, तर त्याची ती सारी निवड एकाच घरांतल्या चार खोल्यांमधली होती. खऱ्या अर्थानें निराळें दुकान म्हणावयाचें तर मुंबईच्या नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनीचें. तिचें 'यंग इंडिया' हें लेबल १९३५ पासून १९५५ पर्यंत चाललें. त्यावर पुष्कळ नवखे व कमी नांवाजलेले गायक सांपडतात, आणि कांहींजण त्यामुळें नाक मुरडतात. मला तर तोच त्या लेबलाचा गुण वाटतो. ज्यांना कोणी विचारलें नाहीं ते कसे गात होते, हें आज आपणांस दुसरीकडे कोठें कळणार?

आतां आपल्या वऱ्हाडाविषयीं. गाण्याचा शोक इकडे जुना आहे. मुंबई-नागपूर लोहमार्ग अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा असा जातो. कापसाच्या हंगामांत गांवांत पैसा खेळे आणि नाटक कंपन्यांना वऱ्हाडचा दौरा भरंवशाचा वाटे. पण कंपनी शहरांत मुक्काम करी. आंतल्या खेड्यांतला माणूस बैलगाडीनें येऊन फार तर एक खेळ पाही, आणि तीं पदें आयुष्यभर आठवीत राही. फोनो आला तेव्हां ही अडचण बरीच दूर झाली. एका सधन घरीं पेटी आली कीं अर्धें गांव अंगणांत जमे. चावी द्यावयाचें काम घरच्या मुलाचें, आणि सुई बदलावयाचें काम मालकाचें. तें दुसऱ्यास मिळत नसे.

या पेटींतून आलेल्या दोन आवाजांचा धागा थेट वऱ्हाडशीं जुळतो. पहिला नाट्यसंगीताचा. अमरावतीचे वीर वामनराव जोशी यांनीं लिहिलेलें 'रणदुंदुभी' हें नाटक बळवंत संगीत मंडळीनें १९२७ सालीं रंगभूमीवर आणलें. चाली वझेबुवांच्या, गळा मास्टर दीनानाथांचा, आणि शब्द एका तुरुंग पाहिलेल्या देशभक्ताचे. तीं पदें तबकड्यांवर आलीं. नाटकाला बंदी घालतां येते, कंपनी कर्जांत बुडते, नट काळाच्या पडद्याआड जातो. दीनानाथ १९४२ सालीं गेले. पण तीं तीन-तीन मिनिटें राहिलीं. भाऊराव कोल्हटकर १९०१ सालीं वारले, आणि गैसबर्ग आला १९०२ सालीं. भाऊरावांचा आवाज कसा होता, याविषयीं मराठींत पानेंच्या पानें लिहिलेलीं आहेत. ऐकावयास एक अक्षर नाहीं. एका वर्षाच्या अंतरानें काय हातचें जातें, तें यावरून समजावें.

दुसरा धागा याहूनही नाजुक आहे. बुलढाणा जिल्ह्यांतील मेहकरचे कवि ना. घ. देशपांडे हे तेव्हां ऐन तारुण्यांत होते. त्यांची 'शीळ' ही कविता गो. ना. जोशी यांनीं गायिली, आणि १९३२ च्या सुमारास तिची तबकडी निघाली. तबकडी इतकी लोकप्रिय झाली कीं, मराठी भावगीताचा आरंभ पुष्कळजण तिच्यापासून धरतात. नाटकांतील पद रागाच्या अंगानें विस्तार पावतें. त्याला तीन मिनिटांत कोंडलें कीं तें गुदमरतें. बालगंधर्वांनीं रंगभूमीवर एकेक पद किती वेळ खुलविलें, हें ऐकलेलीं माणसें तबकडीवर कधींच पुरतीं प्रसन्न झालीं नाहींत. पण चार कडव्यांची कविता, एक भाव, एक साधी चाल, यांना तीन मिनिटें म्हणजे बेताची आणि पुरेशी जागा. यंत्राच्या मर्यादेंतून एक प्रकार मारला गेला आणि दुसरा जन्मास आला, असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, 'शीळ' याच नांवाचा कवीचा संग्रह प्रसिद्ध झाला तो १९५४ सालीं. बावीस वर्षें ती कविता पुस्तकाच्या आधारावांचून गांवोगांव फिरत होती, ती तबकडीच्या पाठीवर. मेहकरांत वकिली करणाऱ्या कवीचे शब्द मुंबईस गेले, कलकत्त्याच्या कारखान्यांत लाखेंत दाबले गेले आणि पुन्हां वऱ्हाडच्या अंगणांत येऊन वाजले. त्यांतल्या कितीजणांना कवीचें नांव ठाऊक असेल? गो. ना. जोशी पुढें १९३८ सालीं त्याच ग्रामोफोन कंपनींत ध्वनिमुद्रणाचे अधिकारी झाले, आणि ज्यानें स्वतः तबकडीसाठीं गाऊन पाहिलें आहे असा माणूस दुसऱ्यांना गावयास बसवूं लागला. मराठी तबकडीचा दर्जा त्यानंतर सुधारला, याचें मला नवल वाटत नाहीं.

हीं मोठीं उदाहरणें झालीं. यांच्या प्रती निघाल्या, जपल्या गेल्या, पुढें नव्या साधनांवर उतरल्या. माझी चिंता त्या बाजूला ठेवलेल्या हलक्या तबकड्यांची आहे. त्यांचा संहार अनेक प्रकारें झाला. दुसऱ्या महायुद्धांत चपडा लष्करी कामांकडे वळला. अमेरिकेंत १९४२ सालीं तबकड्यांसाठीं चपडा वापरण्यावर कडक नियंत्रण आलें आणि जुन्या तबकड्या गोळा करून, भरडून, त्यांच्याच नव्या तबकड्या करण्यांत आल्या. म्हणजे कालचें गाणें दळून त्यावर आजचें गाणें! आपल्याकडे अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीचें उत्पादन १९७० च्या सुमारास संपलें. फोनो मोडीत गेला, पेटी अडगळींत गेली. अकोल्याच्या जुन्या बाजारांत एका भंगाराच्या दुकानीं अशा तबकड्यांची चळत मीं पाहिली आहे. वरच्या चार-पांच उन्हानें वांकून बशीसारख्या झाल्या होत्या. दुकानदाराला कुत्र्याचा छाप ठाऊक होता, म्हणून त्या त्यानें आंत सांवलींत ठेवल्या होत्या. बिनकुत्र्याच्या उन्हांत होत्या.

कांहीं लोकांनीं मात्र या कामास वाहून घेतलें. मायकेल किनियर या ऑस्ट्रेलियन संशोधकानें ग्रामोफोन कंपनीच्या १८९९ ते १९०८ या काळांतील हिंदुस्थानी ध्वनिमुद्रणांची यादी सिद्ध करून १९९४ सालीं प्रसिद्ध केली. मुंबईस १९९० सालीं सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था निघाली. सुरेश चांदवणकर व त्यांचे सहकारी यांनीं तिच्या पत्रिकेंतून लेबलालेबलांचा इतिहास शोधला. पण यादी तयार करावयाची तर तबकडी कोणाच्या तरी हातीं आली पाहिजे, आणि ती हातीं येण्याचें ठिकाण म्हणजे आपलेच माळे.

म्हणून ज्यांच्या घरीं असा गठ्ठा असेल, त्यांना थोडी माहिती देऊन ठेवतों. तबकड्या आडव्या रचूं नका. उभ्या ठेवा, आणि उन्हापासून दूर. स्पिरिटानें कधींही पुसूं नका; चपडा स्पिरिटांत विरघळतो आणि गाणें पुसलें जातें. जुन्या पोलादी सुईनें वाजवून पाहण्याचा मोह आवरा. लेबलावरील नांव, भाषा आणि क्रमांक वहींत लिहून घ्या. शिवाय लेबलाच्या कडेला, गुळगुळीत लाखेंत कोरलेला किंवा उठलेला एक बारीक क्रमांक असतो, तोही तिरप्या उजेडांत वाचून लिहा. लेबल छापखान्यांत छापतात. एकच गाणें उद्यां दुसऱ्या नांवानें, दुसऱ्या किंमतीस विकतां येतें, तेव्हां लेबल बदलतें. लाखेंतला तो क्रमांक बहुधा मूळ मेणापासून चालत आलेला असतो. एखादी तबकडी झोनोफोनची आणि दुसरी कुत्र्याच्या छापाची असून दोहोंवर तोच क्रमांक निघाला, तर गाणें एकच आहे असें खुशाल समजावें.

लेबलावर पिसाच्या लेखणीनें लिहीत बसलेली परी दिसली, तर ती तबकडी कुत्र्याच्या आधींच्या पिढीची आहे. तिला विशेष जपा. आणि गाणें संपल्यावर सुई लगेच उचलूं नका. शेवटच्या दोन-तीन फेऱ्यांत, खरखरींतून, कोणी आपलें नांव सांगत असण्याचा संभव असतो.